एकही तक्रार नसलेलं सभागृह

नगरपालिकेचं मासिक पत्रक निघालं की किल्लीवाले काका ते स्वतःच्या हाताने सभागृहाच्या दारावर डकवत. या महिन्यात शिवणवर्ग होता, दाततपासणी होती, वाचनालयाची नवी वेळ होती आणि सर्वांत खाली काकांचाच फोटो. 'सव्वीस वर्षांत एकही तक्रार नाही, रखवालदाराचा रविवारी सत्कार. या निमित्ताने सभागृहाची बाल्कनी नागरिकांसाठी पुन्हा खुली.' शेवटचं वाक्य वाचलं आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

तसा माणूस सरळ. डुगडुगणाऱ्या खुर्चीला घरून आणलेला स्क्रू लावील, पण कुणाकडे हात पसरणार नाही. अकरा वर्षांपूर्वी त्यांना बाल्कनीखालच्या तुळईला तडा दिसला आणि त्यांनी तो इमानेइतबारे देखभालीच्या वहीत लिहिला. आठवड्याने दुरुस्तीवाला आला नाही, नोटीस आली. तुमच्या ताब्यात असताना तुळईला तडा कसा गेला, याचा लेखी खुलासा करा. काकांनी तीनदा खुलासा केला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. तडा होता तिथेच राहिला. सरकारी शहाणपण म्हणतात ते असंच चटका बसल्यावर येतं. त्यानंतर दर एक तारखेला वहीत 'सर्व ठीक', खाली सही. बाल्कनीला कुलूप. कुणी विचारलंच, तर किल्ली हरवलीय म्हणायचं. वर कुणी गेलंच नाही तर होणार काय, असा त्यांचा हिशेब होता, आणि अकरा वर्षं तो चुकला नाही.

गुरुवारी कुलूप तोडलं गेलं. काका तडक इंजिनिअरसाहेबांकडे गेले. साहेब वयाने लहान, बोलायला गोड. तुळईचं एकदा बघून घ्या, काका म्हणाले. साहेबांनी वही काढली आणि पानं उलटत राहिले.

"काका, अकरा वर्षं दर महिन्याला तुमची सही आहे. मी तुमचं ऐकू की तुमच्या सहीचं?"

साहेबांनी वही मिटली.

"आणि वहीत खोटं लिहिलं असेल, तर चौकशी लागेल. तीन महिन्यांनी रिटायर होताय ना? पेन्शनचं काय?"

इथे काका घाबरले. तसं नव्हे साहेब, आपलं सहज म्हटलं, असं पुटपुटत ते उठले. साहेबांना वाटलं, म्हातारा सत्काराला लाजतोय.

रविवारी सकाळी लवकर येऊन काकांनी बाल्कनीच्या जिन्याला दोरी बांधली. स्वयंसेवकांनी ती हसत हसत सोडली आणि उत्सवमूर्तींना हाताला धरून व्यासपीठावर नेऊन बसवलं. खालच्या खुर्च्या अधिकाऱ्यांसाठी राखीव, म्हणून बाकीचे सगळे वर. काकूही वरच बसल्या, अगदी पुढच्या रांगेत, नवरा नीट दिसावा म्हणून. त्यांनी हात हलवला. काकांना मात्र काकूंच्या पायांखालची तुळई दिसत होती. एकेकाळी तड्यात नख शिरत नव्हतं. आता तो इथूनही दिसत होता, आणि मागे कुणी खुर्ची ओढली की त्यातून चुना गळत होता.

नगराध्यक्षबाईंनी पत्रकातला मजकूर पुन्हा वाचला, मानपत्र हातात दिलं आणि दोन शब्द बोला म्हणाल्या. टाळ्या पडल्या. वरच्यांनी पायही आपटले.

काकांनी माइक धरला.

"वहीत मी खोटं लिहिलं. बाल्कनीची तुळई फुटलीय. वरच्यांनी एकेक करून खाली या. हळू या."

सभागृह खळखळून हसलं. काका मोठे मिस्कील, कुणीतरी म्हणालं. पहिल्या रांगेतले इंजिनिअरसाहेबही हसले, मग त्यांनी मान वळवून वर तुळईकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

एकट्या काकू हसल्या नव्हत्या. त्यांनी पिशवी उचलली, उभ्या राहिल्या आणि मागे वळल्या.

"उठा सगळे. हा माणूस आयुष्यात कधी चारचौघांत बोललेला नाही."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की वरचं हसणं एका क्षणात थांबलं. एकेक करून या, काका माइकमध्ये पुन्हा पुन्हा सांगत होते, पण तोवर दीडशे माणसं एकदम उठली होती.