तांदळाच्या पोत्यांमागची प्रयोगशाळा

विज्ञानाच्या दोन शिक्षकांना एका टेबलाशी बसवा आणि मध्ये चहा ठेवा. चहा निवायच्या आत एक किस्सा तयार होतो. चार शिक्षक असतील तर चहाच विसरायला होतो. आमचं तसंच झालंय. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघं कडेगावात माझ्या शाळेत जमतो. जमतो ते एकमेकांना प्रयोग दाखवायला. प्रयोग एक होतो, किस्से दहा.

चौघं म्हणजे मी, लोणंदचे भोसले सर, सांगलीजवळचे मगदूम सर आणि आटपाडी तालुक्यातल्या जाधव मॅडम. मी सगळ्यांत लहान. वडील फौजेत, म्हणून माझी शाळा जबलपूर, अंबाला, शिलाँग अशी फिरत झाली. प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळा होती आणि तिथल्या वस्तूंना हात लावायला मिळायचं. आमच्या गावाकडच्या पोरांना ते का मिळू नये, या रागापायी मी परत आले. राग अजून उतरलेला नाही.

जाधव मॅडम सगळ्यांत मोठ्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत आणि इतक्या नोकरीत त्यांनी एकही तास प्रयोगशाळेत घेतलेला नाही. शाळेत प्रयोगशाळा आहे. दारावर तशी पाटीही आहे. आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत! जायच्या आधी ती खोली पोरांना मिळवून द्यायची, असं मॅडमनी ठरवलंय. त्यांनी ठरवलं म्हणजे आम्ही चौघांनी ठरवलं.

*

आधी ट्रेनिंगचं सांगते. विषय होता ‘कृतीतून विज्ञान’. सकाळी फोनवर सेल्फी काढून हजेरी लावली आणि मग तीन तास स्लाइड वाचून दाखवण्यात आल्या. कुणी हात वर केला की तज्ज्ञ म्हणायचे, “प्रश्न शेवटी.” शेवट आला तेव्हा म्हणाले, “वेळ संपली.”

भोसले सर उठले. “सर, कृती कवा हाय?”

“चहानंतर.”

चहा झाला. सगळ्यांना उन्हात तीन रांगांत उभं केलं, पुढच्यांना खाली बसवलं, बॅनर सरळ केला आणि फोटो काढला.

भोसले सर मला हळूच म्हणाले, “घ्या मॅडम. बसा, उठा, हसा. झाली की कृती!”

मला हसू आलं नाही. दोन जिल्ह्यांतून आलेली तेवढी सगळी डोकी, आणि एकालाही कुणी विचारलं नाही की तुमच्या वर्गात काय अडतंय. त्याच दिवशी आम्ही दुसरा शनिवार ठरवला.

*

भोसले सरांच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता. म्हणजे कपाटात होता आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. मागितली की एकच उत्तर, “फुटला तर?”

सर दर महिन्याला मागायचे आणि ते दर महिन्याला हेच म्हणायचे. वर्षातून एकदाच कपाट उघडायचं, खंडेनवमीला! सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल, पुढं पेढा. पूजा झाली की परत कुलूप.

एका खंडेनवमीला सरांनी पूजा होऊ दिली. मग सगळ्यांसमोर सूक्ष्मदर्शक दोन्ही हातांनी उचलला आणि चालू लागले.

“आवं सर, कुठं नेताय?” मुख्याध्यापक मागनं ओरडले.

“देव पावतोय का बघतो.”

पोरांनी पहिल्यांदा डोळा लावला तर आत सगळं लाल. कुंकू थेट भिंगावर! सरांनी मऊ फडक्यानं भिंग पुसलं. तेव्हापासून तो सूक्ष्मदर्शक कपाटात गेलेला नाही. फुटलेलाही नाही.

*

मगदूम सर जैन. घरात कांदा-बटाटा येत नाही. आणि आठवीला पेशी दाखवायची तर पुस्तक सांगतं, कांद्याची साल घ्या. एकदा सरांच्या बॅगेत आईला कांदा सापडला. मुलगा पन्नाशीला टेकलेला, तरी आईनं भर अंगणात उभं केलं.

“आई, खायला न्हाई गं. बघायला आणलाय.”

“कांद्यात काय बघायचं असतंय?”

सरांना वाटलं, एकदा दाखवूनच टाकू. रविवारी त्यांनी भोसले सरांचा सूक्ष्मदर्शक मागून घरी आणला. कांद्याला आई शिवणार नाहीत, म्हणून काचेवर डबक्यातल्या पाण्याचा थेंब ठेवला. आईंनी चष्मा काढून डोळा लावला. थेंबात काय काय वळवळत होतं, पळत होतं. 

सर म्हणाले, “बघितलंस? हे विज्ञान.”

आईंनी डोळा काढला, पदरानं पुसला. “लग्न होऊन आल्यापासनं पाणी गाळतीया मी. म्हणतीया, पाण्यात जीव असतोय. तुज्या यंत्राला आज कळलं व्हय?”

आता दर वर्षी त्या पाठाला आई शाळेत येतात, गाळणीचं फडकं घेऊन. आधी गाळलेला थेंब दाखवायचा, मग न गाळलेला. यापेक्षा चांगली तज्ज्ञ व्यक्ती मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये भेटलेली नाही!

*

मग अनुदानाची जाहिरात आली. एक संस्था ग्रामीण शाळांच्या प्रयोगशाळांना साहित्य देणार होती. जाधव मॅडमच्या मुख्याध्यापकांनी शब्द दिला, “साहित्य आलं तर पोती हलवतो. मोकळ्या खोलीत काय ठेवणार?”

आम्ही चौघं माझ्या लॅपटॉपवर अर्ज भरायला बसलो. पाचवाच प्रश्न, “शाळेत चालू स्थितीतील प्रयोगशाळा आहे का?” मॅडम म्हणाल्या, “नाही लिव.” मी ‘नाही’ दाबलं. लाल अक्षरं आली, “आपण पात्र नाही.”

म्हणजे प्रयोगशाळा असेल त्यालाच प्रयोगशाळा!

मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांनी लगेच मार्ग काढला. “त्यात काय? एक दिवस पोती व्हरांड्यात काढू. फोटो मारा, ‘होय’ लिवा, सांजच्याला पोती आत.”

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला. “सर, फोटोपुरती प्रयोगशाळा नको. मला पोरांपुरती पाहिजे.”

आणि फोन ठेवला.

मग त्यांनी फुलस्केप मागितला. वर लिहिलं, “आमच्याकडे प्रयोगशाळा नाही. तरीही यंदा केलेले प्रयोग खालीलप्रमाणे.” लिंबू, बांगडीचा तुकडा, सायकलचा पंप, उसाचं चिपाड, चुलीतली राख... दोन्ही बाजू भरल्या. भोसले सर म्हणाले, “असला अर्ज कोण वाचणार?” मॅडम म्हणाल्या, “वाचतील न्हाईतर फाडतील. फाडायला तरी हातात घ्यावा लागंल.” दुसऱ्या दिवशी कागद रजिस्टर पोस्टानं गेला.

*

बरेच दिवस काही नाही. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एकदम संस्थेचा फोन, अधिकारी तपासणीला येतायत, त्यांच्या अहवालावर ठरेल. दिवस कुठला? नेमका शून्य सावलीचा!

वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. मे महिन्यात शाळेला सुट्टी. ऑगस्टमध्ये सातारा-महाबळेश्वराकडं ढग. आभाळ मोकळं सापडतं ते आटपाडीकडं, ज्या तालुक्याला सगळे कोरडा म्हणून नावं ठेवतात तिथं. आम्ही तिघं रजा टाकून गेलो होतो.

साडेबाराला मैदानात आठवीची पोरं गोल बसलेली. मध्ये ओळंबा लावून रोवलेली काठी. सावली बोटाच्या पेराएवढी उरलेली. तेवढ्यात फाटकातून गाडी आली. मुख्याध्यापक शाल-नारळ घेऊन धावले. साहेब फाईल काखेत मारून थेट मैदानात.

“जाधव मॅडम कोण? आधी प्रयोगशाळा दाखवा. मला तीनला सांगलीत पोचायचंय.”

मॅडम काठीवरची नजर न काढता म्हणाल्या, “नमस्कार साहेब. सहा मिनिटं थांबा.”

मुख्याध्यापक नारळ सावरत म्हणाले, “आवं मॅडम, असं काय करताय? साहेब पुण्याहून आलेत, एवढ्या लांबून!”

“सर, ऊन त्याच्याहून लांबून आलंय. आधी त्याला बघते.”

मी मगदूम सरांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. गेलं अनुदान!

साहेब काय चाललंय ते बघायला दोन पावलं पुढं येऊन काठीवर वाकले. काठीशी वही घेऊन बसलेल्या मुलीनं मान वर केली.

“साहेब, मागं सरा की. तुमची सावली पडतीया.”

साहेब मागं सरले. फाईल तशीच काखेत.  पोरगी काठीच्या बुडाशी गाल टेकवून बघत राहिली. मग वहीत वेळ लिहिली, बारा छत्तीस, आणि साहेबांना हातानं खुणावलं.

“आता या पुढं. आता कुणाचीच पडत न्हाई.”