घंगाळातलं कासव

कासव घरात आणलं ते माझ्या बायकोनं, मी नाही. मला जनावरांचा शौक कधीच नव्हता. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो, घरी यायचो, जेवायचो, झोपायचो. ती एकदा खंडेराव मार्केटला भाजीला गेली आणि पालकाच्या जुडीबरोबर डबीत एक पिल्लू घेऊन आली. रुपयाएवढं, हिरवं, डोळ्यांमागे लाल पट्टा. विकणारा तिला म्हणाला होता, "बेन, आ काचबो मोटो ना थाय," म्हणजे कासव मोठं होणार नाही. पितळी घंगाळात सोडलं तेव्हा शोधावं लागायचं. पुढे ताटलीएवढं झालं.

घंगाळ स्वयंपाकघरात, ओट्याच्या खाली, कारण ती दिवसभर तिथंच असायची. देवळात देवासमोर कासव असतं, मग हे काय वेगळं, असं तिचं म्हणणं. सकाळी आंघोळ झाली की त्याच्या पाठीला बोट लावायची, बोट कपाळाला टेकवायची आणि त्याच हातानं कणीक भिजवायची. घंगाळ सिंकमध्ये धुवायचं, जुनं पाणी तुळशीला. खायला द्यायच्या वेळी हातातली काचेची बांगडी घंगाळाच्या काठावर वाजवायची, टिन टिन, की ते मान वर करायचं. मी चमच्यानं वाजवून पाहिलं, चावीनं पाहिलं. ढिम्म.

"तुमच्यात तो हात नाही," ती हसायची. "तुम्ही आपलं लोखंड ठोका."

ती गेली, आणि कासवाचं सगळं माझ्याकडे आलं. तिची एक बांगडी खिडकीत राहिली होती. ती घेऊन रोज वाजवायचो. अन्न टाकलं की कासव खायचं, पण बांगडीला मान वर केली नाही. मीही सोडलं नाही, रोज वाजवायचो.

सूनबाई सासूनंतर तिच्यासारखंच रोज कासवाच्या पाया पडायची. मला बरं वाटायचं. मग तिला दिवस गेले. दवाखान्यातून आली त्या दिवसापासून ती घंगाळाकडे वाकेना.

"बाबा," ती जेवताना म्हणाली, "डॉक्टरबाई म्हणाल्या, कासव स्वयंपाकघरात नको."

"का? त्यांना चावलं?"

"चेष्टा नाही बाबा," मुलगा म्हणाला. "कासवाच्या अंगावर, त्याच्या पाण्यात जंतू असतात. कासवाला त्याचं काही होत नाही, पण पोटुशी बाईला आणि लहान मुलांना फार बाधतात."

जंतूचं नावही त्यानं सांगितलं, ते माझ्या तोंडात बसत नाही. मी म्हणालो, "तुझ्या आईनं त्याच हातानं पोळ्या लाटल्या. खाऊन तू मेलास का?"

"टाकून द्या म्हणाल्या नाहीत त्या," सूनबाई हळू आवाजात म्हणाली. "फक्त लांब ठेवायचं. मी पाण्याला हात लावायचा नाही. घंगाळ सिंकमध्ये धुवायचं नाही. तुम्ही हात लावलात की साबणानं धुवायचे. आणि बाळ झालं की ते पाच वर्षांचं होईपर्यंत दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

जन्मभर ग्रीसमध्ये घातलेले हात माझे. त्यांना कोणी घाण म्हटलं नव्हतं. मी ताटावरून उठलो, घंगाळ उचलून गॅलरीत नेलं, मागोमाग माझी खाटही नेली. म्हणालो, ते बाहेर तर मी बाहेर. शेजारच्या गॅलरीतून बेन विचारायच्या, "काका, अहींया केम सूओ छो?" मी म्हणायचो, इथंच झोपायला बरं, "हवा सारी छे."

गोत्रीच्या आमच्या सोसायटीत खाली बागेचा नळ आहे. तिथं मी घंगाळ न्यायचो, घासायचो. आणि खिशात साबणाची वडी ठेवायचो. कोपरापर्यंत हात धुवायचो, रोज, दोनदा साबण लावून. बाळाच्या जिवाशी खेळायला मी काही वेडा नव्हतो. पण वर येऊन ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरबाई खऱ्या आणि माझी बायको खोटी असं झालं असतं.

नात झाली. घरी आणली त्या दिवशी मी दारात उभा होतो. नाक तिच्या आजीचं. मी हात पुढे केले. सूनबाई घाबरत म्हणाली, "बाबा, हात धुतलेत ना?"

तिचं चुकलं नव्हतं. हात धुतलेलेच होते. हो एवढं म्हणायचं होतं. मी हात मागे घेतले. "राहू दे," म्हणालो, "मला नाही घ्यायची." आणि गॅलरीत जाऊन बसलो.

मग तेच चालू राहिलं. त्यांना वाटायचं, म्हातारा साबण लावत नाही. मला वाटायचं, परत एकदा विचारा तरी. गॅलरीच्या दाराला मुलानं फळी लावली होती. पलीकडे पोर पालथी पडायला लागली, बसायला लागली. अलीकडे मी आणि कासव.

रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. सूनबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, फळी बाजूला होती. बेल वाजली, ती दार उघडायला गेली. मी खाटेवर पेपर बघत होतो. टिन टिन ऐकू आलं.

पोरगी घंगाळाचा काठ धरून उभी होती. हातात चांदीच्या बिंदल्या, त्या पितळेवर आपटत होत्या. आणि कासवानं मान वर केली होती. पूर्ण, लांब, जशी माझ्या बायकोच्या बांगडीला करायचं तशी.

मी बघतच राहिलो. बायको गेल्यापासून रोज वाजवत होतो मी. मला पोरीला उचलायचं सुचलंच नाही. मला वाटलं, थोडा वेळ असंच राहावं. तेवढ्यात तिनं हात पाण्यात घातला, भिजलेली मूठ तोंडाकडे नेली, आणि मी धडपडत जाऊन तिचं मनगट धरलं.

नातीला मी पहिल्यांदा उचललं ते असं. न्हाणीघरात नेऊन साबणानं तिचे हात धुतले, तोंड धुतलं. ती किंचाळत होती. सूनबाई धावत आली.

"हात पाण्यात गेला," मी म्हणालो. "तोंडात गेला का नाही, मला नक्की दिसलं नाही. डॉक्टरबाईंना फोन लाव."

ताप येतो का, जुलाब होतात का, बघा म्हणाल्या. आम्ही बघत होतो. पोर जरा किरकिरली की तिघंही उठायचो. सूनबाईनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. देवाच्या दयेनं पोरीला काही झालं नाही.

मग मी म्हणालो, "कासव देऊन टाकायचं."

मुलगा म्हणाला, "बाबा, गरज नाही. पक्कं जाळीचं दार बसवू, कडी वर लावू. आईची आठवण आहे ती."

"मला सांगतोस आठवण? मी म्हणतो ना, द्यायचं. पाच वर्षं पोरीला जाळीतून बघायला मी काय तरुण आहे?"

तळ्यात सोडू म्हटलं, तर हे परदेशी जातीचं, आपल्याकडच्या कासवांच्या मुळावर येतं, म्हणून सोडता येत नाही. मुलानं जनावरं सांभाळणाऱ्या एका बाईंना बोलावलं. गावाबाहेर त्यांच्याकडे बांधलेलं कुंड आहे. बाई चांगल्या होत्या. हातमोजे घालून त्यांनी कासव क्रेटमध्ये ठेवलं, वर ओला कपडा टाकला. विचारलं, "काका, काय खातं, कसं खातं, काही सांगायचंय?"

"पालक," मी म्हणालो. बांगडीचं सांगितलं नाही. तिकडे ती कोण वाजवणार?

घंगाळ मुलानं जंतुनाशक घालून उकळत्या पाण्यानं घासून ठेवलं. सूनबाई म्हणाली, आत घेऊ का बाबा, पिण्याच्या पाण्याला होईल. मी नको म्हणालो. गॅलरीतच राहू दे, कोरडं. फळी आता काढली आहे. मी हात धुतो ते सगळ्यांसमोर, मोरीवर उभा राहून, आणि पोरीला घेतो.

ती रांगत थेट तिथं जाते. काठ धरून उभी राहते, बिंदल्या वाजवते, आत बघते. परत वाजवते. मग माझ्याकडे बघते.

"नाहीत गं," मी म्हणतो. "दोघंही नाहीत."