नेल्बाची करंगळी

लिसांद्रोने मला सांगितलं होतं की तो डॉन अटिलिओंकडे पेन्सिलीच्या खुणा खोडतो, आणि मोठ्या काळ्या जागा शाईने भरतो. चार वर्षं मी हे खरं मानलं.

डॉन अटिलिओ बेरार्दी यांची 'नावाडी कार्मेलो' ही चित्रकथा दर रविवारी पुरवणीत यायची. एक पान, सहा चौकटी. पाराना नदी, तिच्यातली बेटं आणि एक कमी बोलणारा नावाडी. रोसारिओ शहरात आमच्या वयाची मुलं ते पान जमिनीवर पसरून, पोटावर झोपून वाचायला शिकली. लिसांद्रोही तसाच शिकला. पण बारा वर्षांचा असताना तो पान घेऊन थेट त्यांच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "तिसऱ्या चौकटीत वल्हं उलट्या हातात आहे." डॉन अटिलिओंनी चष्मा लावून पाहिलं. मग त्याला आत घेतलं. तेव्हापासून तो दर दुपारी तिथेच असायचा. त्यांनी फी कधी घेतली नाही. कागद, टाक, शाई सगळं त्यांचंच.

तो आमच्या गल्लीतला, दोन दारं पलीकडे राहणारा. मी साहित्य शिकले. त्याने शाळेनंतर काही केलं नाही. संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसायचा आणि माझ्या आईचे हात काढायचा. आई शनिवारसाठी एम्पानादा करते. पिठाच्या चकतीत खिम्याचं सारण भरायचं, अर्ध्यात दुमडायचं आणि कडेला चिमटीने मुरड घालत जायचं. मुरड घालताना तिची करंगळी बाहेर उभी राहते. लहानपणी ती गाडीच्या दारात सापडून मोडली आणि वाकडीच जुळली. नखालाही एका बाजूने खाच आहे.

"कधीतरी माझं तोंड काढ की रे, काटकुळ्या," आई म्हणायची.

"तोंडं सगळेच काढतात, दोन्या नेल्बा." दोन्या म्हणजे बाई; तो आईला मानाने तसंच म्हणायचा.

"माझं कोण काढतं? मला पत्ता दे त्याचा."

नदीकाठच्या जुन्या गोदामांत आमच्याकडच्या वसंतात, ऑक्टोबरमध्ये, चित्रकथांचा मेळा भरतो. बाहेरचे संपादक येतात, नव्या लोकांच्या पानांच्या फाइली बघतात. त्या वर्षी इटलीहून तोरेल्ली नावाचे संपादक आले होते. ज्याचं काम त्यांना आवडेल त्याला बारा पानांचं काम मिळणार होतं. ते छापून येणार होतं, काढणाऱ्याच्या नावासह. लिसांद्रो सव्वीस वर्षांचा होता. दीड वर्ष सकाळी लवकर उठून त्याने स्वतःची आठ पानं केली होती. एक बाई, तिचा बेटावर गेलेला नवरा, आणि ती रोज दोघांपुरत्या एम्पानादा करते, एवढीच गोष्ट. मी संवादाच्या फुग्यांतली वाक्यं छाटून लहान करून दिली.

"एक पान," तो म्हणाला होता. "खाली माझं नाव असलेलं एकच पान छापून आलं तरी बास."

डॉन अटिलिओंना त्याने सांगितलं होतं. ते म्हणाले, "दाखव. घाबरू नकोस, पोरा. तुझे हात चांगले आहेत." पानं दाखवायची त्याच दिवशी पाच वाजता मेळ्यातच त्यांचा सत्कार होता. कार्मेलोला पन्नास वर्षं झाली होती.

आम्ही सकाळी अकराला रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर तेविसावा होता. प्रत्येकाला आठ मिनिटं. आईने एम्पानादांचा डबा दिला होता, तो फाइलच्या पिशवीतच होता.

"तुझ्या पानांना जिऱ्याचा वास येतोय," पुढचा जाडा मुलगा म्हणाला.

"घरगुती शैली," लिसांद्रो म्हणाला आणि त्याला एक काढून दिली.

जाडा आत गेला आणि लवकर बाहेर आला.

"काय म्हणाला?"

"घोडे चांगले आहेत म्हणाला."

"मग छान की."

"मी घोडे काढलेच नाहीत. कुत्रे आहेत ते."

रांगेत पुढे-मागे सगळे हसले. लिसांद्रोही हसला. मग त्याने हात पँटला पुसले. नंबर आला तेव्हा तो मला म्हणाला, "तूपण चल. एकट्याला बोलायला सुचणार नाही."

तोरेल्ली साठीचे होते. सौम्य माणूस. उद्धट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आठही पानं दोनदा पाहिली. आमची भाषा ते सावकाश, शब्द शोधत बोलत.

"कुठे शिकलास?"

"डॉन अटिलिओ बेरार्दींकडे. त्यांचा मदतनीस आहे."

"काय करतोस तिथे?"

"खुणा खोडतो. काळं भरतो."

मला सांगितलं होतं तेच शब्द, त्याच क्रमाने.

"दिसतंय," तोरेल्ली म्हणाले. "मुला, तुला हात आहे. पण तो तुझा नाही, बेरार्दींचा आहे. पाणी त्यांचं, सावल्या त्यांच्या, माणूस पाठमोरा उभा राहतो तोही त्यांच्यासारखा. गुरूची छाप असते. माझ्यावरही होती. पण हे बघ."

त्यांच्या शेजारी पुस्तकांची चळत होती. कार्मेलोचा इटालियन संग्रह, त्यांनीच काढलेला. त्यांनी एक प्रत मधोमध उघडली आणि लिसांद्रोच्या पाचव्या पानाशेजारी ठेवली.

"दोन वर्षांपूर्वीचं पान. नदीवर कपडे पिळणारी बाई. हिचे हात बघ. ही करंगळी बघ. एवढी एक करंगळी आणि मला त्या बाईचं सगळं आयुष्य कळतं. मोठ्या चित्रकारालाच असं दिसतं." मग त्यांनी लिसांद्रोच्या पानावर बोट ठेवलं. "आणि तू ती करंगळीसुद्धा उचललीस. छाप वेगळी, मुला. चोरी वेगळी."

मी वाकून पाहिलं.

छापलेल्या पानावरची करंगळी वाकडी होती. नखाला एका बाजूने खाच होती. ते बोट मी बोलायला लागायच्या आधीपासून ओळखते. डॉन अटिलिओ माझ्या आईला कधीही भेटले नव्हते.

मला कळायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. आठ मिनिटांतलं एक गेलं असेल. मी लिसांद्रोकडे पाहिलं. तो छापलेल्या पानाकडे बघत होता. छपाईत शाई कुठे फुटली आहे का, असं बघतात तसं. मी तोंड उघडलं. टेबलाखाली त्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला.

"रागावू नकोस."

"नाही."

"स्वतःचं काहीतरी काढ आणि दोन वर्षांनी ये. आणि हे ने. याच्याकडून शिक, पण याला उचलू नकोस." त्यांनी ती प्रत त्याला भेट दिली.

लिसांद्रोने आभार मानले.

मी गप्प राहिले. मनगट धरलं होतं हे कारण मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. तोंड कुणी धरलं नव्हतं.

आम्ही नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसलो. समोरून मालवाहू जहाज वर चाललं होतं. 

"किती पानं तुझी आहेत?" मी विचारलं.

"त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हापासून सगळी."

"किती?"

"दोनशेच्या वर."

"कुणाला माहीत आहे?"

"त्यांना. मला. आता तुला."

"चल, परत जाऊ. त्याला सांग."

"काय सांगू? आज पाच वाजता ज्याला फुलं देणार आहात, त्याला पेला धरता येत नाही, हे?"

"आईला घेऊन येते. टेबलावर करंगळी ठेवायला लावते."

तो हसला. "दोन्या नेल्बा त्याला तिथेच वाढायला घेतील. हा बारीक आहे, याला कुणी खायला घालत नाही का, म्हणतील."

मग तो पुस्तक उघडून तेच पान बघत बसला.

"तो खोटं बोलला नाही, ओरी. हे पान माझ्या पानांपेक्षा चांगलं आहे."

"दोन्ही तुझीच आहेत."

"हो. पण हे काढताना मी घाबरलो नव्हतो. खाली नाव त्यांचं होतं ना. चुकलं असतं तर ते चुकले असते. माझी आठ पानं काढताना प्रत्येक रेघेला मी श्वास धरत होतो. दिसतं ते."

मी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे ठेवून घेतलं. 

पाचला मोठं गोदाम भरलं होतं. डॉन अटिलिओ कोट घालून आले, उजवा हात खिशात. फुलं त्यांनी डाव्या हाताने घेतली. मंचावर मोठा कोरा कागद लावलेला होता. मेळ्यात सन्मान झालेल्याने त्यावर सगळ्यांसमोर काहीतरी काढायचं, अशी रीत आहे. निवेदिकेने ब्रश पुढे केला. डॉन अटिलिओंनी कागदाकडे पाहिलं. मग पहिल्या काही रांगांवरून नजर फिरवली. लिसांद्रो दिसला तिथे थांबली.

"पन्नास वर्षं काढतोय," ते म्हणाले. "आजच्या दिवस सुट्टी द्या म्हाताऱ्याला."

लोक हसले, मग उभे राहिले. टाळ्या थांबेनात. तोरेल्ली पहिल्या रांगेत होते, डोळे पुसत होते. कोरा कागद तसाच गुंडाळून ठेवला.

नंतर गर्दी ओसरल्यावर डॉन अटिलिओंनी लिसांद्रोला जवळ बोलावलं.

"दाखवलंस?"

"दाखवलं, मास्तर."

"मग? काय म्हणाला इटालियन?"

"हात चांगले आहेत म्हणाला."

"मी काय म्हणत होतो तुला." त्यांनी खिशातला हात काढला आणि त्याचा गाल थोपटला. हात गालावरही थरथरत होता. लिसांद्रोने तो वरून दाबून धरला. थरथर थांबेपर्यंत धरून ठेवला.

सोमवारी तो नेहमीसारखा कामावर गेला. गुरुवारी पान द्यायचं होतं.

चौदा महिन्यांनी, आमच्याकडे डिसेंबरात उन्हाळा असतो त्या उकाड्यात, डॉन अटिलिओ वारले. शेवटचे काही आठवडे ते कुणाला ओळखत नव्हते. लिसांद्रो त्यांच्या पलंगाशेजारी चित्राची फळी मांडीवर घेऊन पानं पुरी करायचा. वर्तमानपत्राने पूर्ण पानभर मजकूर दिला. लिहिलं होतं की अखेरच्या दिवसांतही त्यांची रेघ थरथरली नाही. त्या हाताच्या तोडीचा दुसरा हात नाही, म्हणून त्यांच्या सन्मानार्थ कार्मेलोची होडी आता काठाला लावत आहोत, इतर कुणीही ही चित्रकथा पुढे काढणार नाही.

मी ते लिसांद्रोला वाचून दाखवलं.

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला.

"आता तरी सांग."

"आता तर नाहीच. त्यांना उत्तर कसं देता येईल?"

आता तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. हात स्थिर लागतो, दुकानदार खूश आहे. मेळ्याला दोन वर्षं होऊन गेली. तोरेल्लींनी सांगितलेली वेळही टळून गेली. एकदा मी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला. त्याने एक रेघ काढली, बघितली. "ही त्यांची," म्हणाला. दुसरी काढली. "हीपण." मग टाक पुसून ठेवला.

आईला सगळं मीच सांगितलं.  मग तिने इटालियन पुस्तकातून ते पान कात्रीने कापलं आणि शेगडीमागच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलं. खाली छापलेलं नाव आहे, बेरार्दी.

शुक्रवारी लिसांद्रो आला तेव्हा ती पीठ लाटत होती. तिने कानामागची पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली.

"लिही."

"काय?"

"तुझं नाव. इथे, खाली."

"पान खराब होईल, दोन्या नेल्बा."

"पान माझं आहे. हात माझा आहे."

त्याने पेन्सिल घेतली. पानाजवळ गेला. तसाच उभा राहिला. लिहिलं काहीच नाही.

"करंगळी चुकलीय," तो म्हणाला. "वाकण जरा जास्त झालंय."

आईने पिठाने माखलेला हात भिंतीशी, पानाच्या शेजारी धरला.

"नाही रे, काटकुळ्या. बरोबर आहे. नीट बघ."

त्याने बराच वेळ बघितलं. मग पेन्सिल टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि चकत्यांच्या कडांना पाणी लावायला लागला.