भांड्यांची हदीस

सिल्वासात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि रविवार तेवढा माझा, असं मी सगळ्यांना सांगत असे. सांगत असे, एवढंच. अम्मा गेल्यावर बाबांना कोकणातल्या घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. भाऊ मस्कतला. तो फोनवरून सल्ले द्यायचा, आणि ते ऐकायला मला शेजारच्या क्वार्टरमध्ये, जिथे फोन होता तिथे, पळत जावं लागायचं. तेव्हा बाबा माझ्याकडे आले, आणि त्यांच्यामागून त्यांची हदीसची बैठक आली. रविवार गेला तो गेलाच.

बाबांनी आमच्या गावच्या मदरशात उमर घालवली होती. हदीस म्हणजे पैगंबरांचं बोलणं-वागणं, ज्यांनी ऐकलं-पाहिलं त्यांनी पुढच्यांना सांगितलेलं. तेच बाबा शिकवायचे. इथे आल्यावर तरी ते स्वस्थ बसतील अशी माझी समजूत होती. पण जुम्म्याच्या नमाजला जवळच्या आमली वस्तीत राहणाऱ्या काही कामगारांशी त्यांची ओळख झाली. सगळे खानदेशाकडचे, यार्नच्या कंपन्यांत पाळ्या करणारे. त्यांनी ‘मौलाना, आम्हालाही काही सांगा’ म्हटलं आणि माझ्या व्हरांड्यात चटई पडली. चहा कोण करणार हे कुणी विचारलं नाही.

बाबांची एक पद्धत होती. ‘पैगंबरांनी असं सांगितलं’ एवढं म्हणून त्यांच्यासमोर कुणाची सुटका नसे. आधी सनद. म्हणजे मी हे अमक्याकडून ऐकलं, त्यानं तमक्याकडून, त्यानं आणखी कुणाकडून, अशी नावांची साखळी थेट पैगंबरांजवळ बसलेल्या माणसापर्यंत न्यायची. मग मजकूर. ऐकणाऱ्यानं दोन्ही परत म्हणून दाखवायचं, आणि एक नाव गळलं तरी पुन्हा पहिल्यापासून. मशीनवर उभं राहून पाय सुजलेली ती माणसं अरबी नावं म्हणताना घामाघूम व्हायची. मला त्यांची दया यायची आणि बाबांचा राग.

एवढा खटाटोप कशाला, असं एकदा एकानं भीतभीत विचारलं. बाबा खूश झाले. मी आत वह्या तपासत होते, मलाही ऐकावं लागलं. सुरुवातीला लोकांनी हे सगळं पाठ ठेवलं, काहींनी लिहूनही ठेवलं. पुढे पिढ्या उलटल्या, गादीवरून भांडणं झाली, तट पडले, आणि ज्याला जे पटवायचं असेल ते पैगंबरांच्या तोंडी घालायची चाल पडली. तेव्हा जाणते लोक विचारू लागले की तुला हे कुणी सांगितलं, नाव घे. मग त्या नावांची चौकशी. माणूस कधी जन्मला, कधी वारला, कुठे राहिला, ज्याचं नाव घेतो त्याला कधी भेटला तरी होता का. एकेका वचनाची खात्री करायला माणसं महिना महिना प्रवास करत. सांगणाऱ्यांच्या चरित्रांचे जाडजाड ग्रंथ झाले. सांगणारे सगळे खरे, आठवणीचे पक्के आणि साखळी न तुटलेली, तर हदीस सहीह. आठवण जराशी उणी, तर हसन. कुठे शंका, तर जईफ. आणि बनावट ठरली तर तिचं नाव काढायचं नाही. आमच्याकडे मुलगी देताना कुणी इतकी चौकशी करत नाही, हे मी मनात म्हटलं.

चांगल्या माणसाचं काय करायचं, हा त्यातला अवघड भाग होता. माणूस नमाजी, द्यायला हात सैल, कुणाचं वाकडं न चिंतणारा, पण आठवण कच्ची. त्याच्याकडून दुवा घ्या, हदीस घेऊ नका, असं बाबा सांगायचे. खोटेपणा नसला तरी चूक ती चूकच. बाबांना आजाराचं किंवा मरणाचं भय नव्हतं. पैगंबरांचं नसलेलं बोलणं आपल्या तोंडून पैगंबरांचं म्हणून बाहेर पडू नये, या एकाच गोष्टीचं भय होतं. मदरशात असताना एखाद्या शब्दाबद्दल मन साशंक झालं तर ते चालू धडा थांबवून पुस्तक उघडायचे, मुलं हसली तरी.

आणि त्याच माणसाची आठवण जायला लागली. आधी चष्मा, मग किल्ली, असं सगळ्यांचं होतं तसंच. मग दुपारची नमाज पढून ते पुन्हा वजूला, नमाजेआधीचे हातपाय धुवायला, बसायला लागले. मी शाळेतून यावं तर नळ वाहतोय आणि टाकी रिकामी. एकदा सायली गावाच्या रस्त्याला एका कंपनीच्या गेटवर सापडले, वॉचमनला आमच्या गावची एसटी कधी आहे ते विचारत होते. मला कधी बहीण समजायचे, कधी अम्मा. अम्मा समजले की प्रेमानं बोलायचे, आणि मला ते सहन व्हायचं नाही. मी थकले होते. नुसतं शरीर नव्हे, जीभसुद्धा थकली होती, एकच उत्तर पुन्हा पुन्हा देऊन. हदीस मात्र शाबूत होती. सनद सुरू झाली की सगळी नावं धडाधड यायची. तेवढ्यापुरते ते माझे बाबा असायचे, म्हणून मी बैठक चालू दिली.

असाच एक रविवार. मी आत कांदा चिरत होते. बाबांनी एक सनद म्हटली, लहानपणापासून मी ऐकलेली, एकदम बिनचूक. मग मजकूर सांगितला: घरात पाहुणा असताना भांडी आपटू नयेत, त्याला वाटतं आपल्याला उठा म्हणतायत.

माझा हात थांबला. हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलं होतं, आणि ते पैगंबरांचं नव्हतं. भांडी मीच आपटायची. बाबांकडे येणारी माणसं उठता उठत नसत, चहाचे कप मलाच धुवावे लागत, आणि मग मी मोरीवर माझा राग काढायची. अम्मा मागून येऊन हळूच हेच म्हणायची, ह्याच शब्दांत. आधी मला हसू आलं. मग मी सुरी खाली ठेवली. बाहेर ती माणसं एकेक करून साखळी म्हणत होती आणि साखळीच्या टोकाला माझ्या आईचं बोलणं लावत होती.

बाबांनीच मला पूर्वी सांगितलं होतं, की जुन्या काळी एक मोठा हदीस सांगणारा म्हातारपणी भ्रमिष्ट झाला. त्याची मुलं स्वतः जाणती. त्यांनी बापाला घरात ठेवलं आणि कुणाला भेटू दिलं नाही. त्यामुळे त्याच्या नावावर चुकीचं काही गेलं नाही, आधीचं सगळं खरं राहिलं. ‘औलाद असावी तर अशी,’ असं बाबा म्हणाले होते. त्या मुलांना सकाळची शाळा होती की नाही, हे ग्रंथात लिहिलेलं नसावं.

मीही तेच केलं. पुढच्या रविवारी फाटकातच उभी राहिले आणि मौलानांची तब्येत बरी नाही म्हणून येणाऱ्यांना परत पाठवलं. सगळे गेले, एक गेला नाही. रावेरकडचा तडवी भिल्ल होता, भावाच्या खोलीत राहायचा. एक खोली, भाऊ, वहिनी, पोरं, आणि रात्रपाळी करून सकाळी झोपायला येणारा हा. वहिनीला तो नकोसा झाला होता आणि ते ती भांड्यांतून कळवायची. त्यानं तिला ही हदीस सांगितली, सनदेसकट. त्या दिवसापासून घरात आवाज नाही. हातून ताट निसटलं तरी ती तौबा करते, हे सांगताना तो लाजत हसला. मौलानांचे उपकार मानायला आला होता.

मला गप्प बसता आलं असतं. पण मी बाबांचीच मुलगी. ती हदीस नाही, माझी अम्मा तसं म्हणायची, बाबांचा घोटाळा झाला, असं मी त्याला सांगून टाकलं. त्याचं तोंड उतरलं.

‘मंग आता मी काय करू, बाई? वहिनीले खरं सांगितलं तं भांडे सुरू. नाही सांगितलं तं पाप माह्या डोक्यावर.’

‘कसलं पाप?’ मागून बाबांनी विचारलं. ते दारात उभे होते, धुतलेले कपडे घालून, टोपी घालून, बैठकीच्या तयारीत.

काहीतरी थाप मारायची म्हणजे ती सुचावी लागते, आणि तेवढीही ताकद माझ्यात नव्हती. ‘बाबा, तुम्ही अम्माचं बोलणं हदीस म्हणून सांगितलंत,’ मी म्हटलं. ‘सनद लावून.’

त्यांनी चौकट धरली. मग त्या माणसाला म्हणाले, म्हण. बिचाऱ्यानं सगळी साखळी म्हटली, एक नाव न गाळता, जशी शिकवली होती तशी. प्रत्येक नावाला बाबांची मान हलत होती. मग त्यानं भांड्यांचं म्हटलं, आणि बाबांची मान हलायची थांबली. ‘हे तुझी अम्मा बोलायची, बाय,’ ते मला म्हणाले. आवाज अगदी पूर्वीचा, मदरशातला. त्या क्षणी ते पूर्ण शुद्धीवर होते, आणि मला वाटलं, नसते तर बरं झालं असतं.

ते चटईवर बसले. त्या माणसाकडे बघून म्हणाले, ‘माझ्याकडून यापुढे काही घेऊ नका. हे पैगंबरांचं नाही, एका बाईचं आहे. ती बाई खरी होती.’

त्यानं जाऊन वहिनीला ते सांगितलं. पुढे बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, भांडी पुन्हा सुरू झाली, पण जरा बेतानं आपटते.

हे इथे संपलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. पुढच्या रविवारी बाबा अंघोळ करून, टोपी घालून चटईवर येऊन बसले. माणसं का आली नाहीत, असं त्यांनी मला विचारलं. त्यांना काही आठवत नव्हतं. भाऊ फोनवर म्हणाला, पाळी बदलली म्हणून सांग, त्यात काय. एकदा तसं सांगून पाहिलं. ते संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत बसले, जेवायला उठले नाहीत. मग मी खरं काय ते सांगायला लागले. दर रविवारी. दर रविवारी ते चौकट धरायचे, दर रविवारी त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं, आणि ते भय त्यांच्या तोंडावर उतरताना मला बघावं लागायचं. मी कांदे, वह्या, धुणं, काहीतरी हातात घेऊन सांगायची, म्हणजे वर बघायला नको.

शेवटी शेवटी नमाजेतले शब्द गेले, सनदेतली नावं गेली, माझं नाव गेलं. पण मी भांड्यांचं सांगितलं की ते म्हणायचे, ‘माझ्याकडून यापुढे काही घेऊ नका. हे पैगंबरांचं नाही, एका बाईचं आहे. ती बाई खरी होती.’ समोर कुणी नसायचं, मीच असायची. ते गेले त्या आठवड्यापर्यंत मी हे ऐकलं, आणि एकदाही त्यात शब्द इकडचा तिकडे झाला नाही.