झाडाखालचे दोन लामा

चिंचेने चांदी घासल्याचा आंबट वास आला की मला उल्हासनगरच्या कॅम्पातली ती सराफाची टपरी आठवते. फाळणीनंतर तिथे आलेल्या काही सिंधी व्यापाऱ्यांच्या पेढ्या पूर्वी थेट दक्षिण अमेरिकेत होत्या, त्यामुळे मोडीच्या चांदीत कधीकधी पेरू-बोलिव्हियाची जुनी नाणी निघत. अंबरनाथच्या कारखान्यातला माझा सोबती आणि मी, दोघांनाही त्यांचा नाद. झाडाखाली लामा नावाचे उंटासारखे दोन प्राणी असलेलं बोलिव्हियाचं नाणं माझ्याकडे होतं. पण त्याच नाण्याचा एक दुर्मीळ ठसा, ज्यात एक अक्षर उलटं उमटलंय, तो मी कित्येक वर्षं शोधत होतो. एका रविवारी तो सोबत्याला पहिल्याच मुठीत सापडला. "खरं आहे ना रे?" त्याने विचारलं, कारण पारख माझी हे तो मानायचा. भिंगातून ते उलटं अक्षर दिसलं आणि मी भिंग खाली ठेवलं. "ओतीव आहे, नकली," मी म्हणालो. वाटलं, तो ते मोडीत परत टाकेल आणि मी मागाहून येऊन घेईन. सराफाने नाणं कसोटीवर घासलं. "चांदी तो असली है, साईं." "मग नाणं नकली असेना का, वितळवा," सोबती हसत म्हणाला, "पोरीच्या बारशाला वाळे होतील." एका शब्दाने मी ते वाचवू शकलो असतो. पण मुशीत लामा, झाड, अक्षर, सगळं विरघळलं. बारशाला त्याने ते वाळे माझ्याच हातात दिले. "तूच घाल तिला," म्हणाला. मी घातले. आज म्हातारपणी कबूल करतो, नाणं वितळताना मला बरं वाटलं होतं.