आधी आबांचा घास

धुळ्याला खोली मिळाली तेव्हा मी सगळी तयारी करूनच लेकीला आणलं. गॅस आला होता, दूध लावलं होतं, शेजारच्या बाई दिवसभर सांभाळायला तयार होत्या. माझी नोकरी धुळ्यात, नवरा कायम फिरतीवर. म्हणून ती तान्ही असल्यापासून एरंडोलजवळच्या गावी सासू-सासऱ्यांकडे, म्हणजे अक्का आणि आबांकडे होती. आता दोन वर्षांची झाली होती. दोघांनी एका शब्दानेही कधी कुरकुर केली नव्हती.

एकाच गोष्टीची तयारी मी केली नव्हती. ती जेवेना.

वरणभात, तूप-गूळ, दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी, सगळं करून पाहिलं. घास पुढे केला की ती ओठ घट्ट मिटायची आणि दोन्ही हातांनी माझा हात मागे ढकलायची. "आधी तू, मग मी," असं म्हणत मी पुन्हा पुढे करायचे. मीही तोवर जेवत नसे. बोलणं तर तिने बंदच केलं होतं. चमच्याने थोडं दूध जायचं, तेवढंच. आठवडा होत आला तशी ती मान टाकून माझ्या खांद्यावर पडून राहू लागली. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावू." त्या काडीसारख्या हातात शीर कुठे सापडणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. स्टँडवर जाऊन ओळखीच्या कंडक्टरजवळ गावाकडे निरोप दिला: असाल तसे या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं आले. लेक आबांच्या मांडीत शिरली.

"खावाड तिले, मी पाहस," अक्का म्हणाल्या.

मी घास केला. तिने हात ढकलला.

"ती ढकली नही ऱ्हायनी. तुले खावाडी ऱ्हायनी."

ती मला भरवतेय? मला कळेना. मग अक्कांनी सांगितलं. आबांचा उजवा हात लकव्यात गेलेला, एवढं मला ठाऊक होतं. पण त्यांना भरवावं लागे. पहिला घास नात भरवायची, मगच स्वतः तोंड उघडायची. मी गावी गेले की आबांचं ताट आतल्या खोलीत जायचं. सुनेसमोर दुसऱ्याच्या हातून जेवणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

इथे आतली खोली नव्हती. अक्कांनी ताट आबांपुढे सरकवलं. मी उठले. "मी बाहेर थांबते."

"बस तठेच," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "पाह्याबिगर शिकशी कशी?"

त्यांनी तोंड उघडलं. लेकीने भाकरीचा काला त्यांच्या तोंडात सारला, निम्मा मिशीवर.

"दख, मिशी बी जेवी ऱ्हायनी," अक्का म्हणाल्या.

लेकीने आ केला. अक्कांनी घास दिला. तिने चावला, गिळला, पुन्हा आ केला. मग काल्याने भरलेला हात घेऊन ती माझ्याकडे आली. आबांना काहीतरी म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तिने त्यात घास घातला. तो मी गिळला. ती आ करून थांबली होती; मी तिला घास भरवला.