हळकुंडाचा दोरा

साजगावच्या सुप्रियाला माणसांची किळस यायला लागली ती खोपोलीच्या स्कॅन सेंटरात आया म्हणून लागल्यापासून. रक्त, ओकारी, लघवी यांचं तिला काही नाही. आठ वर्षं झाली, पुसतेय. किळस यायची ती बाहेर बाकावर बसणाऱ्या नातेवाइकांची.

एमआरआयच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही. बायका बांगड्या मुकाट काढतात, पण मंगळसूत्र म्हटलं की रडकुंडीला येतात. म्हणून सुप्रिया खिशात हळकुंडं बाळगायची. पिवळ्या दोऱ्यात एक बांधून बाईच्या गळ्यात घालायचं, मगच मंगळसूत्र सोडवून नवऱ्याच्या हातात द्यायचं. ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती.

पोशीरची मैना तिसऱ्यांदा आली होती. छातीचा कॅन्सर डोक्यात चढलेला. आधीच्या फोटोशी आजचा ताडून डॉक्टर सांगणार होते, औषध लागू पडलं की नाही आणि पुढं किती दिवस धरायचे.

"वाईट निघालं तरी मलाच सांगा हो," मशीनवर आडवी होताना मैना म्हणाली. "माझंच डोकं हाय ना?"

पण डॉक्टरांनी बोलावलं ते नवऱ्याला, दशरथला, आणि सासूला. दोघं बाहेर आली ती कुजबुजतच. गाठी दुपटीनं वाढल्या होत्या. दिवाळी काही दिसत नाय, दशरथ पुटपुटला. सासूनं लगेच हात पुढं केला.

"दे इकडं ते. तुझ्या बहिणीच्या, नम्रीच्या लग्नाला होईल." आणि मंगळसूत्र तिच्या बटव्यात गेलं.

शी! मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे सुप्रियानं ऐकले होते. इथं तर जित्या बाईच्या टाळूवर बोटं फिरायला लागली!

मैना भिंतीला धरत बाहेर आली आणि मंगळसूत्र घालून घ्यायला सवयीनं नवऱ्यापुढं मान वाकवून उभी राहिली. दशरथनं आईकडं पाहिलं.

"दोरा हाय की गळ्यात," सासू म्हणाली. "घरी गेल्यावर बघू."

मैनानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. रिपोर्ट तिला कळला.

"काढा ते बटव्यातून!" सुप्रिया कडाडली. "जनाची नाय, मनाची तरी लाज धरा! बाई उभी हाय अजून!"

सगळा बाक वळून बघायला लागला. दशरथनं आईच्या बटव्यातून मंगळसूत्र ओढून काढलं.

मैनानं गळ्यातलं हळकुंड मुठीत घट्ट धरलं.

"नको," ती म्हणाली. "हा दोराच बरा हाय. याच्यावर तरी कुणाचा डोळा नाय."